स्नोबोर्डवर कार्व्हिंग करताना, म्हणजे कड बर्फात रुतवून न घसरता वळताना, खांदे कसे ठेवायचे, बोर्डाच्या रेषेत का वळणाकडं फिरवून?

परभणीत बसून स्नोबोर्डवर लिहायलो म्हणून हसू नका, सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून श्रीनगर आणि गुलमर्ग अशा माझ्या तीन वाऱ्या झाल्यात. टाचेची कड, बोटांची कड, म्हणजे बोर्डाच्या टाचेकडच्या नाहीतर बोटांकडच्या कडेवर वळणं, तुम्हाला येतच असेल, ते सोडा.

एका पद्धतीत दोन्ही खांदे बोर्डाच्या रेषेत गप ठेवायचे. दुसरीत पुढचा खांदा आधी वळणात न्यायचा, बोर्ड मागून येतो. मी दोन वर्षं दुसरीच केली, कारण ती लवकर जमते आणि टाचेच्या वळणात समोरचं नीट दिसतं, नाहीतर मान आखडते.

पण त्याच वळणाच्या शेवटाला बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, सटकायचं. दर वेळेस. गुलमर्गच्या गोंडोलाचं मधलं स्टेशन कोंगडोरी, त्याच्या खाली थांबून वर बघितलं तर बोटांच्या वळणाची रेघ पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक, आणि टाचेची म्हणजे झाडूनं अंगण लोटल्यासारखा रुंद पट्टा. मी आधी बोर्डाला शिव्या घातल्या, कडेला धार लावून घेतली, पैसे गेले, शेपूट तसंच. मग डोक्यात शिरलं, कड रुतल्यावर वळण साइडकटच, म्हणजे बोर्डाच्या कडेचा आत गेलेला बाकच, देतो, आपण वरून खांद्यानं पीळ दिला की तो कंबरेतून खाली उतरतो आणि शेपटीला ढकलतो. गाडीवर डबलसीट बसलेला वळणावर मधेच हलला की कसं होतं, तसं.

तिसऱ्या वारीत दोन्ही हातात पंचा ताणून धरला, एक हात बोर्डाच्या नाकाकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, एक शेपटीकडं. पंचा बोर्डाला तिरका झाला की चूक लगेच दिसते. पहिले दोन दिवस लई कंटाळा आला, कड रुतायची वाट बघत बसायचं, वळणं ही एवढी मोठी. तिसऱ्या दिवशी टाचेची रेघ बारीक झाली, शपथेवर मापली नाही पण डोळ्याला कळते की. गप ठेवायचे म्हणजे ताठ उभं राहायचं नाही बरं का, गुडघे घोटे चालूच पाहिजेत.

आता माझा डक स्टान्स आहे, म्हणजे बदकासारखे दोन्ही पाय बाहेर वळलेले, १५ आणि उणे १५ अंश. तुमची दोन्ही बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला अडकवायचे पट्टे, पुढं वळलेली असतील, ३० आणि १५ वगैरे, तर खांदे थोडे उघडे राहणारच, त्यात चूक नाही. झाडांमधून पटपट वळायचं असेल तरी दुसरी पद्धत कामी येते. पण आठच दिवस बर्फ मिळणार असेल तर मी तरी ते पहिलीवर घालवीन. पंचा ओला होऊन गोठला तर काठीसारखा होतो, मग तर अजूनच बरं.