जोड हॉर्न बसवला, आवाज दणदणीत पण रिले वेगळा घ्या

बाइकचा मूळ हॉर्न इतका पिचका वाजायचा की पुढच्या ट्रकवाल्याला ऐकूच जायचा नाही, म्हणून १२ व्होल्टचा गोगलगायीच्या आकाराचा हाय-लो (एक उंच, एक खालच्या सुराचा) हॉर्नचा जोड घेतला. जुना काढणं सोपंय, आधी बॅटरीची मायनस सोडवा, मग दोन पिना ओढा (वायर नाही, कनेक्टर धरून) आणि ब्रॅकेटचा बोल्ट काढला की झालं. खरं काम वायरिंगचं. हा जोड करंट बराच खातो, तो सगळा हँडलच्या बटणातून गेला तर आतले कॉन्टॅक्ट जळतात, त्यामुळे रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) पाहिजेच, जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी त्याच्या ८५-८६ नंबरच्या पिनांना, बॅटरीची प्लस फ्यूजमधून ३० ला आणि ८७ वरून हॉर्नला. एवढं गरजेचं असून सेटमध्ये रिलेच देत नाहीत, हे अजिबात पटलं नाही! हॉर्न बसवायच्या पट्ट्या मात्र मस्त जाड आहेत. हॉर्न फ्रेमला टेकू देऊ नका, आवाज दबतो, आणि तोंड खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. आवाज भरदार, कर्कश अजिबात नाही. घ्यायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून जागा मात्र नक्की बघा.