बीबीसी मायक्रोला जुना एप्सन एलएक्स-८०० जोडला, वापरानंतरचा अनुभव

हा प्रिंटर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास घेतला होता, आता दिवाळीपण होऊन गेली, म्हणजे जळगावचा उन्हाळा अन् पावसाळा दोन्ही त्यानं काढलेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. आधीच सांगतो, बीबीसी मायक्रोसाठी, म्हणजे १९८० च्या दशकातल्या त्या ब्रिटिश कॉम्प्युटरसाठी, प्रिंटर शोधत असाल तर बाहेरच्या देशातून मागवायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडच्या अडत दुकानांच्या माळ्यावर जे जुने नऊ पिनचे डॉट मॅट्रिक्स (पिना रिबनवर आपटून ठिपक्यांनी छापणारे प्रिंटर) पडलेत तेच याला लागतात.

कॉम्प्युटर माझा मॉडेल बी, मेमरी ३२ के. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या क्लास प्रकल्पात शाळांना जी मशीन दिली तेच हे मॉडेल, पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं युनिकॉर्न नावानं इथंपण बनवलं. याची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे प्रिंटरचा पॅरलल पोर्ट मशीनच्या पोटाखाली आधीपासूनच आहे. स्पेक्ट्रमवाल्यांना (त्याच काळातला दुसरा घरगुती कॉम्प्युटर) त्यासाठी वेगळा इंटरफेस शोधत फिरावं लागतं, तो बाजारात मिळणं आज फार अवघड.

गोलाणी मार्केटला आधी चौकशी केली, तिथे बिलिंगचे नवे प्रिंटर दाखवतात, जुना कोणी ठेवत नाही. शेवटी अमळनेरला एका अडत दुकानात सापडला. तिथले नाना म्हणे, "आते हाई कसाले जोयजे तुले, बिलं छापाले का?" मी सांगितलं की शाळेच्या काळातल्या कॉम्प्युटरला लावायचाय, तर त्यांनी स्वतः माळ्यावरून उतरवून फडक्यानं पुसून दिला अन् पैसे नावापुरतेच घेतले. अशी माणसं आहेत म्हणून हा छंद चालतो.

जुना प्रिंटर घेताना दुकानातच एक गोष्ट कराच. लाइन फीडचं (कागद एक ओळ पुढे सरकवायचं) बटण दाबून धरून पॉवर चालू करायची, प्रिंटर कॉम्प्युटरशिवाय स्वतःच अक्षरं छापायला लागतो. प्रत्येक ओळीत एकाच उंचीवर बारीक पांढरी रेघ दिसली तर हेडची पिन गेली समजा, तो प्रिंटर फुकट मिळाला तरी घेऊ नका, कारण हेड बदलायचा खर्च प्रिंटरच्या वर जातो. फॉर्म फीडचं (कागद पुढच्या पानावर नेायचं) बटण धरून तीच टेस्ट सुबक अक्षरात निघते. माझ्याची नऊच्या नऊ पिना शाबूत होत्या, एवढी वर्षं बिलं छापूनसुद्धा.

केबल घरीच बनते. एका टोकाला २६ पिनचा आयडीसी, दुसऱ्याला ३६ पिनचा सेंट्रॉनिक्स, मधे चपटी २६ तारांची केबल, दोन्ही कनेक्टर दाबून बसवायचे, सोल्डरिंग काही नाही. लाल तार दोन्हीकडे एक नंबरच्या पिनला आली की झालं, स्ट्रोब, आठ डेटाच्या तारा, अ‍ॅकनॉलेज, सगळं आपोआप आपापल्या जागी जातं.

आता खरी अडचण, जिथे बरेच जण हात टेकतात. कंट्रोल बी दाबून (त्यानं स्क्रीनवरचं प्रिंटरलापण जातं) लिस्ट, म्हणजे प्रोग्राम दाखवायची कमांड, दिली की छपाई सुरू होते पण सगळा प्रोग्राम एकाच ओळीवर, काळाकुट्ट पट्टा. प्रिंटर बिघडलेला नसतो. बीबीसी मुळातच लाइन फीडचा कोड, म्हणजे १०, प्रिंटरला जाऊ देत नाही. एक तर प्रिंटरच्या डिप स्विचमध्ये (सेटिंगची बारीक स्विचं) ऑटो लाइन फीड चालू करा (स्विच फक्त पॉवर चालू करताना वाचले जातात, त्यामुळे बंद-चालू करावंच लागतं), नाहीतर कॉम्प्युटर लावल्यावर स्टार एफएक्स ६,० (*FX 6,0) एवढी कमांड द्या. मी कमांड देतो, कारण हाच प्रिंटर डॉसच्या मशीनलापण लावतो अन् स्विच चालू ठेवला तर तिकडे एक ओळ सोडून छापतो. अन् प्रिंटर बंद असताना कंट्रोल बी दाबलं तर थोड्या वेळानं कॉम्प्युटर थांबून बसतो, घाबरू नका, एस्केप दाबलं की सुटतो.

कागदाचंपण बघून घ्या. आपल्याकडे ८० कॉलमचा छिद्रांचा कागद बहुतेक १० बाय १२ इंचाचा मिळतो, अन् प्रिंटर ११ इंचावर असेल तर फॉर्म फीडला दर पानाला एक इंच मागे पडत जातो. त्याचापण डिप स्विच आहे, ११ म्हणजे ६६ ओळी, १२ म्हणजे ७२.

पण मला या जोडीचा जीव लागला तो मराठीमुळे. प्रिंटरमध्ये देवनागरी नाही, म्हणून ग्राफिक्समधून काढायची. बीबीसीवर व्हीडीयू २३ या कमांडनं २२४ नंबरच्या कोडपासून पुढे आपली अक्षरं बनवता येतात, आठ बाय आठ ठिपके, एकेक बाइट म्हणजे एकेक आडवी ओळ. प्रिंटरला मात्र एस्केप के (ग्राफिक्स छापायचा कोड) नंतर उभे कॉलम लागतात, सगळ्यात वरची पिन म्हणजे १२८. म्हणजे प्रत्येक अक्षर आडव्याचं उभं करायचं, बेसिकमध्ये छोटासा लूप लिहिला की होतं. आठ ठिपक्यांत वेलांटी मावत नाही म्हणून मी वरखाली दोन चौकोनांचं अक्षर केलं अन् ओळींतलं अंतर २७, ६५, ८ (म्हणजे एस्केप, ए अन् ८) हे कोड पाठवून ८/७२ इंच केलं, पिनांमधलं अंतरपण १/७२ इंचच असल्यामुळे वरचा अन् खालचा तुकडा सांधा न दिसता जुळतो. शिरोरेषा तर एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत सलग जाते. खानदेश हा शब्द पहिल्यांदा नीट उमटला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

त्रास नाही असं नाही. आवाज मोठा आहे, रात्री लावता येत नाही. सुबक अक्षरांची छपाई फारच सावकाश होते, लिस्टिंगला साधा ड्राफ्टच बरा. पावसाळ्यात कागद दमट होऊन छिद्रांपाशी फाटायचा, म्हणून आता गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो अन् लागेल तेवढाच बाहेर काढतो. रिबन ८७५० नंबरची, ती अजून नवी मिळते, पण उन्हाळ्यात उघडी ठेवली तर शाई लवकर वाळते, एक जास्तीची घेऊन पाकीट न फोडता कपाटात ठेवा. सुट्या कागदावर पत्रं छापायची असतील तर हा घेऊ नका, त्याला इंकजेटच बरा. लिस्टिंग अन् जुन्या प्रोग्रामांसाठी मात्र बिनधास्त घ्या, फक्त पिना तपासून.