पहिल्या छोट्या भेटीसाठी: कॅलिफोर्नियाचे डिस्नीलँड की फ्लोरिडाचे डिस्नी वर्ल्ड?

अमेरिकेत डिस्नीच्या पार्कला पहिल्यांदाच जायचे आणि हाताशी तीन-चार दिवसच आहेत, असे ठरले की पहिला प्रश्न तिकिटांचा नसतो. कॅलिफोर्निया की फ्लोरिडा, हा असतो. दोन्हीकडे किल्ला आहे, मिकी आहे, रात्रीची आतषबाजी आहे, त्यामुळे बरेच जण विमानभाडे जिकडचे कमी किंवा नातेवाईक जिकडे जवळ तिकडे वळतात. हे निकष चुकीचे नाहीत. पण भेट छोटी असेल, तर हाताशी असलेल्या तासांपैकी किती तास प्रत्यक्ष पार्कात जातील आणि किती तास तिथपर्यंत पोहोचण्यात जातील, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. या एका बाबतीत ही दोन ठिकाणे एकमेकांहून इतकी वेगळी आहेत की नावातले साम्य दिशाभूल करणारे ठरते.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरातले डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले आणि काही वर्षांतच त्याच्या चारही बाजूंना इतरांची मोटेल, दुकाने आणि रस्ते उभे राहिले. वाढायला जागा उरली नाही, हे वॉल्ट डिस्नी यांना चांगलेच बोचले असावे, कारण पुढच्या प्रकल्पासाठी त्यांच्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या मध्यावर फ्लोरिडात वेगवेगळ्या नावांनी गुपचूप जमीन विकत घेतली. १९६६ मध्ये वॉल्ट यांचे निधन झाले. वॉल्ट डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. आज फ्लोरिडातला हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे, तर कॅलिफोर्नियातला संपूर्ण रिसॉर्ट जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. फ्लोरिडात मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम हे चार मोठे पार्क, दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून अधिक हॉटेले आहेत. कॅलिफोर्नियात दोन पार्क आणि डिस्नीची तीन हॉटेले. कागदावर ही आकडेवारी फ्लोरिडाच्या बाजूने बोलते, आणि आठवडाभर राहणार असाल तर ते खरेही आहे.

छोट्या भेटीत मात्र हाच विस्तार आड येतो. कॅलिफोर्नियात डिस्नीलँड आणि २००१ मध्ये सुरू झालेले कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दोन पार्कांची प्रवेशद्वारे समोरासमोर आहेत. एकातून निघून दुसऱ्यात शिरायला काही मिनिटे पुरतात. हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्यावरची कित्येक साधी, डिस्नीची नसलेली हॉटेले प्रवेशद्वारापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. दुपारी मूल पेंगायला लागले तर त्याला खोलीवर नेऊन झोपवावे आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन परत यावे, हे तिथे खरोखर जमते. फ्लोरिडात एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जायचे म्हणजे बस, मोनोरेल, बोट किंवा २०१९ पासून सुरू असलेली स्कायलायनर ही केबल कार, यांपैकी जे लागू असेल ते पकडावे लागते. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलात, तर गाडी लावण्याची जागा पार्काच्या दाराशी नसून तळ्याच्या पलीकडे आहे, आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. गाडी उभी केल्यापासून दारात पोहोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास धरून चालावे. पहिल्यांदा ती बोट मजेची वाटते. रात्री आतषबाजी संपल्यावर झोपलेले मूल खांद्यावर घेऊन तिच्या रांगेत उभे राहताना तितकी वाटत नाही.

आता आत काय आहे ते पाहू, कारण केवळ सोय पाहून कोणी डिस्नीला जात नाही. पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, हॉन्टेड मॅन्शन, स्पेस माउंटन, बिग थंडर माउंटन, पीटर पॅन, जंगल क्रूझ या जुन्या, नावाजलेल्या राइड दोन्हीकडे आहेत, आणि स्टार वॉर्सचा गॅलक्सीज एज हा विभागही २०१९ मध्ये दोन्हीकडे उघडला. मात्र नाव तेच असले तरी राइड तीच असते असे नाही. पायरेट्सची १९६७ ची मूळ कॅलिफोर्नियन राइड फ्लोरिडातल्या राइडपेक्षा बरीच लांब आहे आणि माझ्या मते निर्विवाद सरस आहे. स्पेस माउंटनमध्ये कॅलिफोर्नियात दोघे शेजारी-शेजारी बसतात आणि डब्यातच संगीत वाजते, तर फ्लोरिडात एकामागे एक बसावे लागते. उलट किल्ल्याच्या बाबतीत फ्लोरिडाला तोड नाही. तिथला सिंड्रेलाचा किल्ला १८९ फूट उंच आहे, तर कॅलिफोर्नियातला स्लीपिंग ब्यूटीचा किल्ला अवघा ७७ फूट. मनात फ्लोरिडाच्या किल्ल्याचे चित्र घेऊन कॅलिफोर्नियात गेलेला माणूस पहिल्या क्षणी हमखास हिरमुसतो. संख्येच्या दृष्टीने पाहिले तर मूळ डिस्नीलँड पार्क मॅजिक किंगडमपेक्षा लहान असूनही त्यात राइड जास्त आहेत, आणि त्या दाटीवाटीने असल्यामुळे एका दिवसात अधिक पदरात पडते.

फक्त कॅलिफोर्नियात मिळणाऱ्या गोष्टींत १९५९ पासूनची मॅटरहॉर्न, इंडियाना जोन्स ॲडव्हेंचर आणि कार्स लँडमधली रेडिएटर स्प्रिंग्स रेसर्स या राइड येतात. फ्लोरिडाच्या पारड्यात यापेक्षा वजनदार गोष्टी आहेत, कारण तिथले दोन पार्क असे आहेत की त्यांच्यासारखे कॅलिफोर्नियात काहीच नाही. १९८२ मध्ये उघडलेल्या एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. ती सगळी पाहायची तर सुमारे दोन किलोमीटरचा फेरा होतो, आणि प्रत्येक देशाचे खाणे, दुकाने, वास्तुरचना पाहत अख्खी संध्याकाळ निघून जाते. १९९८ मध्ये उघडलेल्या ॲनिमल किंगडममध्ये उघड्या गाडीतून जिराफ, हत्ती, सिंह दाखवणारी आफ्रिकी सफारी आहे, आणि २०१७ पासून तिथे ‘अवतार’ चित्रपटावर बेतलेला पँडोरा हा विभाग आहे, ज्यातली फ्लाइट ऑफ पॅसेज ही राइड या सर्व पार्कांतल्या उत्तम राइडपैकी एक मानली जाते. शेजारच्या ॲनिमल किंगडम लॉजमधल्या साना या उपाहारगृहात भारतीय वळणाचे जेवण मिळते आणि खिडकीबाहेर झेब्रे चरताना दिसतात. हे निर्णयाचे कारण होऊ शकत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. तुमच्या घरातल्या मंडळींना राइडपेक्षा प्राणी, देशोदेशीचे पदार्थ आणि निवांत भटकंती यांत रस असेल, तर फ्लोरिडाचा विचार सोडू नये.

म्हणून दिवसांचा हिशेब असा मांडावा. पार्कासाठी दोन पूर्ण दिवस असतील तर कॅलिफोर्निया निवडावे. दोन पार्क, दोन दिवस, आणि काहीतरी महत्त्वाचे सुटल्याची चुटपुट फारशी राहत नाही. तीन दिवस असतील तरीही माझा कौल कॅलिफोर्नियालाच आहे, कारण तिसऱ्या दिवशी मूळ डिस्नीलँडमध्ये परत जाऊन आवडलेल्या राइड पुन्हा करता येतात. चार दिवस असतील तर पारडे फ्लोरिडाकडे झुकते, कारण तेव्हा प्रत्येक पार्काला एक दिवस देता येतो. दोन-तीन दिवसांसाठी फ्लोरिडालाच जाण्याचे काही पक्के कारण असेल, तर चारही पार्क ‘करून येण्याचा’ हट्ट मात्र सोडावा. लहान मुले असतील तर मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम, किशोरवयीन मुले किंवा प्रौढ असतील तर हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉट, अशी दोनच नावे निश्चित करावीत. तिसरा दिवस मिळाला तर तोही या दोहोंपैकी जास्त आवडलेल्या पार्काला द्यावा.

आगाऊ नियोजनाचा भारही दोन्हीकडे सारखा नाही. रांग टाळण्यासाठी पैसे मोजून घ्यायची लाइटनिंग लेन ही सोय दोन्हीकडे आहे, पण २०२४ च्या जुलैपासून फ्लोरिडात तिच्या वेळा आधीच निवडता येतात: डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि संपूर्ण मुक्कामासाठी एकदम, इतरांना तीन दिवस आधी. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जो आधी जागा होतो त्याला हव्या त्या वेळा मिळतात, आणि सुट्टीला निघण्याच्या आठवडाभर आधी सकाळी सात वाजता कोणीतरी फोन हातात घेऊन बसलेले असावे लागते. कॅलिफोर्नियात ही निवड त्याच दिवशी, पार्कात शिरल्यावर ॲपमधून करायची असते. ज्यांना सुट्टीचे वेळापत्रक आखण्यातच आनंद वाटतो त्यांना फ्लोरिडाची पद्धत आवडेल. बाकीच्यांना कॅलिफोर्नियात मोकळा श्वास घेता येईल. खर्च टाळायचा असेल तर उघडण्याच्या वेळेच्या पाऊण तास आधी दाराशी हजर राहणे हा जुना उपाय दोन्हीकडे चालतो, आणि पहिल्या दोन तासांत जितके होते तितके दुपारच्या चार तासांत होत नाही.

हॉटेलच्या बाबतीत माझा सल्ला दोन ठिकाणी एकमेकांच्या उलट आहे. कॅलिफोर्नियात डिस्नीच्याच हॉटेलात राहण्याची छोट्या भेटीत गरज नाही; ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलातून कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये थेट उघडणारे दार आहे हे खरे, पण त्या दाराची किंमत बरीच मोठी पडते. फ्लोरिडात मात्र डिस्नीच्या हॉटेलात राहण्याला अर्थ आहे. त्यातल्या पाहुण्यांना रोज प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, लाइटनिंग लेनच्या वेळा आधी निवडता येतात आणि पार्कांपर्यंतची वाहतूक मोफत असते. हॉटेल निवडताना खोली किती सुंदर आहे यापेक्षा ते कोणत्या पार्काला जोडलेले आहे हे पाहावे. मॅजिक किंगडमवर भर असेल तर चालत जाता येईल असे कंटेम्पररी, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजवर भर असेल तर बोर्डवॉक किंवा बीच क्लब, आणि बजेट मर्यादित असेल तर स्कायलायनरच्या थांब्यावरचे पॉप सेंच्युरी. ॲनिमल किंगडमला मात्र कुठूनही बसने किंवा गाडीनेच जावे लागते.

तिकिटांचे दर दोन्हीकडे तारखेनुसार बदलतात. २०२५ च्या सुरुवातीला एका दिवसाचे, एका पार्काचे तिकीट कॅलिफोर्नियात १०४ ते २०६ डॉलर आणि फ्लोरिडात ११९ ते १९९ डॉलर या दरम्यान होते, म्हणजे तिकिटाच्या दरावरून निर्णय घेण्याजोगा फरक नाही. तीन वर्षांखालील मुलांना दोन्हीकडे तिकीट लागत नाही. खरा फरक विमानतळापासून सुरू होतो. ॲनाहाइमला जॉन वेन विमानतळ सुमारे २२ किलोमीटरवर, तर लॉस एंजेलिसचा मोठा विमानतळ सुमारे ५५ किलोमीटरवर आहे, आणि त्या वाटेवरची वाहतूक कोंडी प्रसिद्धच आहे. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहराचा विमानतळ डिस्नी वर्ल्डपासून साधारण ३० किलोमीटरवर आहे. तिथून हॉटेलपर्यंत नेणारी डिस्नीची मोफत बस जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून तो खर्च हिशेबातून वगळू नये.

सोबत पाच वर्षांखालील मूल असेल, तर राइडच्या उंचीच्या अटी आधी पाहून ठेवाव्यात. स्पेस माउंटनसाठी कॅलिफोर्नियात ४० इंच उंची पुरते, फ्लोरिडात ४४ इंच लागते, आणि या चार इंचांवरून दारात रडारड होऊ शकते. मूल बसू शकत नसेल तर आई-वडिलांपैकी एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर, पुन्हा पूर्ण रांग न लावता, राइड करण्याची रायडर स्विच ही सोय दोन्हीकडे आहे. ती राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे मागावी लागते. आजी-आजोबा सोबत असतील, तर दिवसाला दहा किलोमीटर चालणे सहज होते हे ध्यानात घेऊन व्हीलचेअर भाड्याने घेण्याचा संकोच करू नये.

हवामानात कॅलिफोर्निया उजवे आहे. ऑरलँडोत उन्हाळ्यात दमट उकाडा असतो, दुपारी विजांसह पाऊस ही जवळपास रोजची बाब असते, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवल्या जातात. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे. ॲनाहाइममध्ये उन्हाळा कोरडा असतो आणि संध्याकाळी हवा सुखद होते. गर्दीचा स्वभावही निराळा आहे: डिस्नीलँडला वार्षिक पास असलेले स्थानिक लोक मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे तिथे शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार गाठणे फायद्याचे ठरते. फ्लोरिडात बहुतेक जण लांबून सुट्टीवर आलेले असल्याने वारापेक्षा शाळांच्या सुट्ट्यांचा परिणाम जास्त दिसतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा दोन्हीकडे टाळावा.

शेवटचा धोका शेजारच्या आकर्षणांचा. ऑरलँडोत युनिव्हर्सल या डिस्नीच्या स्पर्धक कंपनीचे तीन थीम पार्क आहेत, त्यांतला एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ रोजी उघडला. लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड आहे, समुद्रकिनारे आहेत. तीन दिवसांच्या भेटीत ‘एक दिवस तिकडेही’ असे ठरवले, की हॉटेल बदलणे, गाडी भाड्याने घेणे आणि दोन वेगळ्या ॲपवर दोन वेगळ्या रांगा सांभाळणे हे सगळे त्या एका दिवसासाठी करावे लागते. मुलांचा सगळा जीव युनिव्हर्सलच्या पार्कांतल्या हॅरी पॉटरमध्ये असेल, तर तीन दिवस थेट युनिव्हर्सललाच द्यावेत आणि डिस्नी पुढच्या खेपेसाठी ठेवावे.