पाटा काळ्या दगडाचा घ्यावा की रेतीच्या? नऊ महिने दोन्ही वापरून

मी वणी तालुक्यातली. घरी मसाला पाट्यावरच वाटते, कारण सावजी रश्श्याला मिक्सरमधला मसाला मला चालत नाही. गेल्या पोळ्याला जुना पाटा चिरला, म्हणून एकाच महिन्यात दोन पाटे आणले. एक काळ्या दगडाचा, दुसरा चंद्रपूरकडून आलेला, तांबूस रेतीच्या दगडाचा. विकणाऱ्याने लाल पाटा "मसाल्याला एक नंबर" म्हणून दिला. आत्याबाईंनी बघताच सांगितलं होतं, "ह्या गोटा रेतीचा हाय, याच्यावर मिरची कायले वाटतेस?" मी ऐकलं नाही.

आमच्या भागात दोन्ही दगड सापडतात. काळा म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचून गोठला, तोच हा. गोठताना त्याचे बारीक स्फटिक एकमेकांत घट्ट अडकले. लाल दगड त्याच्याहून कितीतरी जुना. नद्यांनी आणलेली रेती साचली, दबली, लोह आणि सिलिकेने चिकटली. वणी-चंद्रपूरचा कोळसाही याच जातीच्या थरांमध्ये आहे.

दोन्ही पाटे एकाच मापाचे, पण उचलताना फरक लगेच कळतो. काळा साधारण २५ किलोचा, लाल २० च्या आसपास. लालवर चमचाभर पाणी टाकलं तर थोड्या वेळात मुरतं. काळ्यावर ते तसंच थेंब धरून राहतं.

वापर सुरू केला तेव्हा काळ्याने मेहनत करून घेतली. आधी तांदूळ वाटून फेकावे लागले. पहिल्या चार वेळा पीठ राखाडी निघालं, पाचव्या वेळी पांढरं. लाल पाट्याला मी अशी तयारी केली नाही, तोच दिसायला गुळगुळीत होता. पहिल्या दिवशी त्यावर भिवापुरी मिरची, लसूण, जिरं आणि मीठ वाटलं. ठेचा चांगला झाला, पण दाताखाली कचकच. मिरचीचं बी असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी जवसाची चटणी केली, तीही कचकचली. मग अर्धा चमचा चटणी थाळीत पाण्यात कालवली, थाळी हलवून हळूच पाणी ओतलं. तळाशी बारीक, चमकती रेती राहिली, बोटाला काचेसारखी लागणारी.

मला वाटायचं लाल दगड मऊ आहे म्हणून झिजतो. तसं नाही. त्याचा एकेक कण क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, कठीणतेच्या १ ते १० मोजपट्टीवर ७. काळ्या दगडातली खनिजं साधारण ५ ते ६ वर. कण लालचे जास्त कठीण, पण त्यांना धरून ठेवणारा लेप कच्चा, म्हणून वरवंट्याच्या घासण्याने कण सुटतात. काळ्यात कण एकमेकांत गुंतलेले असतात, सुटायला जागाच नाही.

ओल्या दिवसांत लाल पाट्याचा दुसरा दोष दिसला. हळद, लसूण, तेल सगळं आत शिरतं. कितीही घासला तरी वास जात नाही, भाद्रपदात तर कडेला बुरशी आली. काळा पाटा राख आणि पाण्याने घासला की स्वच्छ.

काळ्यातही उणीव आहे. साडेपाच महिन्यांत त्याची पाठ गुळगुळीत झाली, खोबरं आणि खसखस सरकू लागली. गावात पाट्याला टाकी लावणारी बाई आली तेव्हा टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने ठोकून पाठ पुन्हा खरखरीत करून घेतली. त्यानंतर पुन्हा दोनदा तांदूळ वाटले. वजनही जास्त, माझ्यासारखीला एकटीने उचलून धुणं जड जातं, म्हणून मी तो मोरीजवळच मांडून ठेवला आहे.

पण लाल गोटा टाकून देऊ नका, माझं हे मनापासून सांगणं आहे. विळा, खुरपं, सुरी यांना धार लावायला तो काळ्यापेक्षा कितीतरी सरस. तेच कठीण कण पोलाद खातात. पाणी शिंपडून, विळा थोडा तिरका धरून, एकाच दिशेने ओढायचा. काळ्या पाट्यावर विळा फक्त घसरतो. कोरीव कामालाही हाच दगड जमतो. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळावरच्या मूर्ती याच जातीच्या दगडात कोरल्यात. माझा लाल पाटा आता अंगणात हौदाजवळ आहे, निंदण लागलं की शेजारच्या चार घरच्या बाया खुरपी घेऊन येतात.

नवीन पाटा घेणाऱ्यांनी दुकानातच पाणी टाकून पाहा. मुरलं तर तो धार लावायला घ्या. वाटायला काळा, तोही बारीक पोताचा, मोठी भोकं किंवा पांढरे ठिपके नसलेला, कारण भोकांत मसाला अडकतो आणि धुताना निघत नाही.

माझ्या काळ्या पाट्याला पुढची टाकी दिवाळीआधी लागेल. लालचा मधला भाग विळ्यांनी खोलगट झालाय, तो पालथा करून दुसरी बाजू वापरायला घेणार आहे.