बदलापूर, विरार की पनवेल: बजेटमध्ये तिन्ही बसतात, मग जायचं कुठे?

परळ, कुर्ला किंवा जोगेश्वरीत भाड्याने राहणारं कुटुंब 'आता आपलं घर घ्यायचंच' म्हणून हिशेब मांडायला बसलं, की मुंबई पहिल्या पाच मिनिटांत यादीतून जाते. ठाणं, डोंबिवलीही आता बऱ्याच जणांच्या हाताबाहेर गेलंय. मग उरतात लोकलच्या टोकाकडची नावं. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो महिन्याला ३४,७०० च्या आसपास. तेवढ्यात बदलापूर आणि विरारला निवड करायला वाव मिळतो. पनवेलला त्याच पैशात स्टेशनपासून बरंच आत जावं लागतं. दराबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात अर्थ नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन बिल्डिंगींत भाव वेगळा असतो आणि एजंट सांगतो तो आकडा कधीच शेवटचा नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी लाइन ठरवा, मग स्टेशन, मग पूर्व की पश्चिम, आणि बिल्डिंग सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं नेमकं उलटं चालतं. रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायचा, फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर भाळायचं, टोकन द्यायचं आणि मग सोमवारची गाडी कुठली ते विचारायचं. (मी मध्य रेल्वेचा, म्हणजे बदलापूरच्या लाइनचा, माणूस आहे, तेवढा कल धरून पुढचं वाचा.)

गाडी

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते बदलापूर ६८, सीएसएमटी ते पनवेल ४९. आकडे बघून पनवेल जवळ वाटतं, पण वेळापत्रकात तिन्ही प्रवास सव्वा ते दीड तासाच्या घरातच येतात. पनवेलच्या हार्बर लाइनला फास्ट गाडी नाही, पनवेल लोकल प्रत्येक स्टेशन घेत जाते. म्हणजे घड्याळ तिघांनाही जवळपास सारखंच लागतं. फरक पडतो तो त्या सव्वा तासात तुम्ही बसलेले असता की लटकलेले, यात.

विरारला गाड्यांची ददात नाही. एक सुटली तर दुसरी लागलेलीच असते आणि बोरिवली-विरार पट्ट्यात चार रूळ असल्याने फास्ट गाड्याही भरपूर. पण गाडी विरारहून सुटते म्हणून विरारकराला जागा मिळते, हा समज पहिल्याच सकाळी जातो. नालासोपारा-वसईची मंडळी आधीच्या गाडीने उलटी येऊन त्याच गाडीत रिटर्न बसलेली असतात. फलाटावर गाडी थांबण्याआधी धावत चढणारे असतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात आणि तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला अर्ध्या मांडीने बसायलाही नंबर लागलेला असतो. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्या माणसाचं काय होतं, ते पश्चिम रेल्वेवर कुणालाही विचारा. बायकांसाठी महिला विशेष आहे. तिची वेळ ऑफिसच्या वेळेशी जुळली तर निम्मा त्रास वाचतो, म्हणून फ्लॅट बघण्याआधी ती वेळ बघा.

बदलापूरचं दुखणं वेगळं आहे. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत. त्याच दोन रुळांवर लोकल, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. एक गाडी चुकली की पुढचीसाठी पंधरा-वीस मिनिटं फलाटावर. कर्जत-खोपोलीहून आलेली लोकल भरूनच येते, त्यामुळे बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा इथल्या लोकांना तोंडपाठ असतात. संध्याकाळी दादरला तर खरी परीक्षा असते. कल्याण लोकल सोडायची, अंबरनाथ लोकल सोडायची आणि बदलापूर, कर्जत किंवा खोपोली असं इंडिकेटरवर लागेपर्यंत उभं राहायचं. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम सुरू आहे. ते झाल्यावर चित्र बदलेल, पण आज घर घेताना आजचे दोनच रूळ धरा.

पनवेलला गाडी तिथूनच सुटते आणि विरारइतकी झुंबड नसते. दोन गाड्या सोडायची तयारी असली तर बसून जाता येतं. ठाण्याकडे ट्रान्स-हार्बरने तासाभरात पोहोचता येतं. गोरेगावपर्यंत थेट जाणाऱ्या मोजक्या गाड्याही आहेत. गोम एकच, हार्बर दादरला जात नाही. दादर, परळ, भायखळा गाठायचं तर कुर्ल्याला उतरून पूल चढायचा, आणि सकाळी नऊ वाजता कुर्ल्याचा पूल म्हणजे काय ते चढल्याशिवाय कळत नाही.

आता ऑफिस कुठे आहे ते सांगा. अंधेरी, गोरेगाव, मालाड असेल तर विरार, यात चर्चा नाही. बदलापूरहून घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठणारे हजारो लोक आहेत, पण तिथला जिना रोज दोनदा चढायची हौस हवी. ऐरोली, घणसोली, महापे, बेलापूर असेल तर पनवेल. बदलापूरहूनही ठाण्याला गाडी बदलून निभतं, विरारहून मात्र नाही. नायगावला उतरून घोडबंदर रोडने ठाण्याला रोज जाऊ असं जर कुणी तुम्हाला सांगत असेल, तर तो माणूस रविवारी तिथून गेलेला आहे. ठाणे, मुलुंड, भांडुप, विक्रोळीसाठी बदलापूर. बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) मात्र तिन्हीकडून सारखंच आहे, विरारचा माणूस वांद्र्याला उतरतो, बाकी दोघे कुर्ल्याला, आणि तिघेही नंतर रिक्षा-बसच्या रांगेत भेटतात. फोर्ट-चर्चगेटची नोकरी असेल तर मी विरारच्या बाजूने जरा झुकेन, निव्वळ गाड्यांच्या संख्येमुळे.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर हिशेब ज्याला जास्त लांब जायचं त्याच्या पायांनी मांडा. आणि हे मुद्दाम लिहितो, कारण घराघरात तो ज्याचा पगार जास्त त्याच्या सोयीने मांडला जातो.

पाणी, दोन्ही अर्थांनी

विरारला वर्षानुवर्षं टँकरवर दिवस काढलेल्या सोसायट्या आहेत. २०२३ च्या अखेरीपासून सूर्या प्रादेशिक योजनेचं पाणी वसई-विरारला येऊ लागलं आणि फरक पडला, पण सगळ्या गल्ल्यांत सारखा नाही. बदलापूरला जीवन प्राधिकरणाचं पाणी आहे, उल्हास नदी उशाशी आहे, तरी उंचावरच्या नव्या कॉम्प्लेक्सना मे महिन्यात ओढाताण होतेच. पनवेल महापालिकेचं स्वतःचं देहरंग धरण छोटं आहे, बाकी भागाला सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि इतर योजनांवर अवलंबून राहावं लागतं. खारघर-तळोज्यात टोलेजंग टॉवर आणि खाली टँकर हे दृश्य नवीन नाही.

हे बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका. बघायला गेलात की गेटवरच्या वॉचमनपाशी थांबा, चहा पाजा आणि विचारा, "मे महिन्यात दिवसाला किती टँकर येतात?" तो आकडा पटकन सांगतो, कारण गेट त्यालाच उघडावं लागतं. मग सोसायटीच्या नोटीस बोर्डवर पाणी सोडण्याच्या वेळा आणि मेंटेनन्सच्या बिलात टँकरची वेगळी ओळ आहे का ते बघा.

दुसरं पाणी पावसाचं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारएक प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. ती उल्हास नदी होती. बदलापूर पश्चिमेला नदीच्या बाजूला, हेंद्रेपाडा-वालिवलीकडे, घर बघत असाल तर तळमजला आणि पार्किंग नीट बघा. कंपाउंडच्या भिंतीवर गढूळ पाण्याची रेघ असते. ती नव्या रंगाखाली गेली असेल तर शेजारच्या जुन्या बिल्डिंगची भिंत बघा. पूर्वेला कात्रप, शिरगाव, खरवई नदीपासून लांब आहेत. नालासोपाऱ्यात जुलै २०१८ मध्ये रूळ बुडून विरारची गाडीच बंद पडली होती, म्हणजे घर कोरडं आणि माणूस बोरिवलीला अडकलेला, असंही होतं. पनवेलच्या बाजूला कळंबोली सखल आहे. तिथे भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की रस्ते भरतात.

कागद

इथे तिन्ही गावांची स्थिती सारखी नाही, आणि स्वस्ताईचं खरं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

वसई-विरार महापालिका २००९ ची. त्याआधी चार नगरपालिका आणि कितीतरी ग्रामपंचायती होत्या, आणि त्या काळापासून अनधिकृत बांधकामांचं जे पेव फुटलं ते अजून पूर्ण आवरलेलं नाही. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या. आत राहणाऱ्यांनी पैसे मोजून घरं घेतलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जण गेले. त्यामुळे विरार-नालासोपाऱ्यात आजूबाजूच्या दरापेक्षा चांगलीच स्वस्त खोली दिसली की खूश होण्याआधी थांबा. "घरपट्टी भरतो, लाइटबिल आपल्या नावावर आहे" हे उत्तर चालत नाही, कारण अनधिकृत इमारतीलाही घरपट्टी लागते आणि मीटरही मिळतो. विचारायचं ते सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आहे का, ओसी (राहायला जायची परवानगी) आहे का, मंजूर नकाशात इतकेच मजले आहेत का.

महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर असला की निर्धास्त, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेरात नोंदणी मिळवली आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. म्हणून परवानगीचा कागद घेऊन नगरपरिषदेत किंवा महापालिकेत नगररचना विभागात स्वतः जा. बदलापूरला नगरपरिषद आहे, गाव त्या मानाने लहान. अर्ध्या दिवसात काम होतं. तेवढा वेळ नसेल तर सोपी चाचणी अशी, की दोन राष्ट्रीयीकृत बँकांत त्या बिल्डिंगवर कर्ज मिळतं का विचारा. बँका नाही म्हणतात आणि बिल्डर "आपली पतसंस्था आहे ना" म्हणतो, तिथून उठा.

पनवेलचं वेगळं. सिडकोच्या भागात आखणी नीट, रस्ते रुंद, पण जमीन सिडकोची आणि भाडेपट्ट्याची, त्यामुळे जुना फ्लॅट घेताना हस्तांतरणाचं शुल्क आणि सिडकोची परवानगी हिशेबात धरावी लागते. गावठाणालगत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी, परवानगीशिवाय बांधलेल्या घरांमधले फ्लॅट खूप स्वस्त असतात. तिथे भाड्याने खुशाल राहा. विकत घेताना मात्र कर्ज मिळत नाही आणि पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईकालाही मिळणार नाही.

खर्चाचं एक वाक्य: ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर घराच्या आकार-किमतीप्रमाणे एक किंवा पाच टक्के. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ती सोडू नका, आणि फक्त सूट म्हणून नव्हे.

'होणार आहे'चे पैसे

तिन्हीकडचे बिल्डर भविष्य विकतात. बदलापूरला कांजूरमार्गची मेट्रो आणि वडोदरा महामार्ग, विरारला पाचवी-सहावी लाइन, पनवेलला विमानतळ. यातला विमानतळ खरोखर झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन आणि डिसेंबरअखेरीस विमानं सुरू. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून आहे, बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून. म्हणूनच पनवेल महाग आहे. विमानतळाचे पैसे दरात कधीच जाऊन बसलेत. रोज लोकलने जाणाऱ्याला त्या सेतूचा उपयोग टोल भरण्यापुरताही होत नाही. ज्याची नोकरी विमानतळाशी, गोदामांशी किंवा जेएनपीटी बंदराशी जोडलेली आहे, त्याच्यासाठी मात्र पनवेल सरळ पहिल्या क्रमांकावर. तळोजा बघणार असाल तर रात्री दहानंतर एक चक्कर मारा. एमआयडीसीकडून वारा आला की नाकाला कळतं.

कोकणातली मंडळी पनवेलकडे ओढली जातात ते उगाच नाही. कोकण रेल्वेच्या गाड्या तिथे थांबतात, एसटी तिथून जाते, गणपतीला दादरला जाऊन गर्दीत घुसावं लागत नाही. सातारा-कोल्हापूरवाल्यांनाही एक्स्प्रेसवे दाराशी. आई-वडील बरोबर राहणार असतील तर दवाखान्यांच्या बाबतीतही पनवेल उजवं आहे. खारघरला टाटाचं कॅन्सर रुग्णालय अ‍ॅक्ट्रेक आहे, कामोठ्याला मोठं रुग्णालय आहे. बदलापूरहून गंभीर दुखणं उल्हासनगर, कल्याण किंवा ठाण्याला न्यावं लागतं, विरारहून मीरा रोड-बोरिवलीला. मोकळी हवा, डोंगर आणि मराठी शेजार हवा असेल तर बदलापूर, हे मी कलासकट सांगतो.

इतकं वाचूनही ठरत नसेल तर अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि तो मे महिन्यापासून सुरू करा. टँकरही दिसेल, पाऊसही, आणि गणपतीपर्यंत रोजची गाडीही कळेल. ज्या भागात घर घ्यायचं त्याच भागात राहा, तेही स्टेशनपासून तेवढ्याच अंतरावर. स्टेशनला खेटून भाड्याने राहून दोन किलोमीटर आतला फ्लॅट घेतलात, तर शेअर रिक्षाच्या रांगेचा हिशेब राहून गेलेला असतो, आणि संध्याकाळी आठला बदलापूर पूर्वेची ती रांग कुठवर जाते ते एकदा बघून या.