डीसी क्लॅम्प मीटर: बॅटरी आणि डायनामो बदलण्याआधी हे मोजा

पावसाळ्याआधी गाडीसाठी डीसी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता, तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा; प्रोबने व्होल्टही बघता येतात) घेतला आणि तेव्हापासून सतत वापरतोय. घेताना एक गोष्ट नक्की बघा: क्लॅम्पने डीसी करंट, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजता येतो का. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट मोजतात. घरच्या वायरिंगला ते ठीक, गाडीला काही कामाचे नाहीत.

पैसे वसूल झाले ते रत्नागिरीला, मेहुण्यांच्या गाडीवर. सकाळी सेल्फ उचलत नव्हता. बॅटरी नवी टाकून झाली होती आणि आता गॅरेजवाले डायनामो बदला म्हणत होते. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.२ व्होल्ट, म्हणजे जेमतेम निम्मी भरलेली. इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर लावले. डायनामोच्या बी टर्मिनलपासून (जिथून करंट बॅटरीकडे निघतो) त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३, बॅटरीवर मात्र १३.३. डायनामो ठणठणीत होता, एक व्होल्ट वाटेतच खर्च होत होता. बी टर्मिनल ते बॅटरीचं पॉझिटिव्ह ०.१, ते चालतं. बॅटरीचं निगेटिव्ह ते डायनामोची बॉडी, तिथे ०.९! इंजिनपासून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट काढला, तर लगखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) हिरवट गंज. खाऱ्या हवेत हे व्हायचंच. हीच पट्टी कंटिन्युइटीला (जोड अखंड आहे का बघणारी मीटरची तपासणी) व्यवस्थित बीप देत होती, कारण त्या तपासणीत करंट नगण्य असतो. लोड असतानाच खरं काय ते कळतं. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळल्यावर ०.०५.

डायनामोतला डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेलाय का हे बघायला इंजिन चालू ठेवून, मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर बघतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्यायचा.

उभ्या गाडीतला करंट लीक शोधताना मात्र हा मीटर थोडा त्रास देतो. गाडी लॉक करून, किल्ली लांब ठेवून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर साधारण ५० मिलिअ‍ॅम्पच्या आत यायला हवं. पण एवढ्या बारीक करंटला क्लॅम्पची दिशा बदलली तरी आकडा हलतो. दर वेळी त्याच जागी, वायर न घेता झीरो करावंच लागतं. मग फ्यूज न काढता प्रत्येकावरचे मिलिव्होल्ट बघतो; जिथे दिसतात, त्या फ्यूजमधून करंट जातोय. फ्यूज उपसला की झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे कंट्रोल युनिट) पुन्हा जागे होतात.

स्मार्ट चार्जिंगवाल्या नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) मुद्दाम व्होल्टेज १३ च्या खाली आणतो. तिथे एका रीडिंगवर डायनामो उतरवू देऊ नका. हेडलाइट लावून, क्लॅम्प बॅटरीच्या केबलवर ठेवून करंट आत जातोय का बाहेर, ते पाच-दहा मिनिटं बघा.