सिल्वर क्ले आठ महिने वापरून बघितली, त्यातला खडा बसवायचा भाग जरा सविस्तर

आधीच सांगतो, मी सोनार नाही. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे साच्यांसाठी नमुने बनवतात त्या विभागात आहे, एकोणीस वर्षं झाली. धातू वितळवून साच्यात ओतणं हे रोजचंच, पण धातू कणकेसारखा लाटायचा, हवा तो आकार द्यायचा आणि मग भाजायचा, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन रात्री तेच डोक्यात होतं. फेब्रुवारीत पाकीट मागवलं, आता दिवाळी तोंडावर आलीय. आतापर्यंत पाच पेंडंट झाली, त्यातली दोन वाया गेली, तीन घरात वापरात आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सिल्वर क्ले म्हणजे चांदीची माती. चांदीची अगदी बारीक पावडर, त्यात बाइंडर आणि पाणी. भाजल्यावर बाइंडर जळून जातो आणि चांदीचे कण न वितळता एकमेकांना धरतात, म्हणजे आमच्या भाषेत सिंटरिंग. राहते ती ९९९ ची, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदी. जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने हा प्रकार १९९० च्या दशकात बाजारात आणला, मी घेतली ती आर्ट क्ले सिल्वर, तीही जपानीच, २० ग्रॅमचं पाकीट. शिपिंग, कस्टम सगळं धरून साडेपाच हजाराच्या आसपास गेले. तेव्हा चांदी किलोला लाखाच्या जवळपास होती, म्हणजे पाकिटातली चांदी फार तर अठराशे रुपयांची, बाकीचे पैसे कशाचे ते तुम्हीच ठरवा. बायकोने एका मिनिटात हिशोब मांडून दाखवला, मी विषय बदलला.

हातात घेतल्यावर पांढरट करडी, मऊ, दिसायला थेट मळलेली कणीक. लाटायला दोन्ही बाजूंना पत्ते ठेवायचे, चार-चार पत्ते म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडी येते, मध्ये गोळा ठेवून वरून लाटणं फिरवायचं. हाताला तेल लावायचं, मी खोबरेल लावलं, फेब्रुवारीत सकाळी ते गोठलेलं होतं तो भाग वेगळा. पंखा बंद, हे मात्र पक्कं, कारण पाच मिनिटांत कडा चिरायला लागतात, अगदी नवशिक्याने थापलेल्या ज्वारीच्या भाकरीसारख्या. ओलं फडकं जवळ पाहिजे आणि उरलेला तुकडा लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, पहिल्या दिवशी मी चहा प्यायला उठलो आणि तेवढ्यात तीन ग्रॅम कडक करून बसलो. टाकून देऊ नका, खलून पाणी घालून त्याची पेस्ट होते, चिरा भरायला तीच कामाला येते.

आता मुद्दा, आकसणं. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगला एक टक्का श्रिंकेज देतो, म्हणजे नमुना तेवढा मोठा करतो, आणि तेवढ्यावरून भांडणं होतात. इथे आठ-नऊ टक्के! २८ मिलिमीटरचं पान केलं ते भाजल्यावर साडेपंचवीस भरलं. नुसतं पान असेल तर काही बिघडत नाही, लहान झालं तर झालं, पण मधे खडा असेल तर खडा आकसत नाही, भोवतीची चांदी आकसते, आणि ती कुठून दाबते यावर सगळं ठरतं. हे मला आधीच कळायला हवं होतं, एकोणीस वर्षं तेच करतोय, तरी पहिला खडा घालवलाच.

पहिला होता ४ मिलिमीटरचा क्यूबिक झिरकोनिया, बाजारात त्यालाच झिरकॉन म्हणतात, गुजरीत म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात घेतला, स्वस्तातला. ओल्या मातीत दाबला, छान बसलेला दिसला. खड्याची कमर, जिथे तो सगळ्यात रुंद असतो ती कड, मातीच्या वर राहिली होती. बुटेन टॉर्चने भाजताना पेंडंट नारिंगी झालं, चांदीने कमरेच्या खालून आवळलं आणि खडा हळूहळू वर सरकत गेला, बाजूला घेतलं तोवर टक करून उडाला. फ्रिजखाली सापडला. ओलं साबण मुठीत घट्ट धरलं की सटकतं ना, तसंच. कमर पृष्ठभागाच्या खाली अर्धा मिलिमीटर तरी गेलीच पाहिजे, म्हणजे आकसताना चांदी वरून थोडी ओठासारखी येते आणि खडा अडकतो. सोनार जे कोंदण अवजाराने वळवतो ते इथे भट्टी वळवते. खड्याखाली आरपार भोक ठेवायचं, टोक त्यात उतरतं आणि मागून उजेडही येतो.

दुसरा घालवला त्यात माझी चूक अर्धीच. ऑनलाइन झिरकॉन म्हणून घेतलेला निळा खडा काच निघाला, भाजल्यावर कडा गोल, आत भेगा, चोखून टाकलेल्या गोळीसारखा. विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून नियम केला, कोणताही खडा आधी नुसता तापवून बघायचा, मगच मातीत. मोती, पोवळं, फिरोजा, ओपल, अॅमेथिस्ट यांना भट्टी दाखवायचीच नाही. ते बसवायचे असतील तर खड्याच्या मापाचा इन्व्हेस्टमेंट प्लास्टरचा (भट्टीत टिकणाऱ्या प्लास्टरचा) गट्टू जागेवर ठेवून भाजायचं, माती त्याच्यापलीकडे आकसू शकत नाही, मग गट्टू फोडून खडा थंडपणे बसवायचा. फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको, कोअर तो, म्हणजे पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो गाभा. बायकोचा फिरोजा तसा केलाय, बरा जमलाय, एका बाजूला फट आहे पण ती तिला दाखवलेली नाही.

आता आईचं माणिक. आईची अंगठी होती, वडिलांनी लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी केलेली, मागची दांडी झिजून तुटली आणि ती डब्यात पडून होती. मी गुजरीतल्या आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे नुसता खडा काढून घ्यायला गेलो. त्यांनी काढला, भिंग लावलं, दिव्याकडे वळवून बराच वेळ बघत बसले. मग मला बघायला दिलं. म्हणाले, "आत रेघा दिसतात? कशा आहेत?" बघितलं तर बारीक रेघा, गोलसर, जुन्या रेकॉर्डवर असतात तशा, आणि एक-दोन बुडबुडे. "खाणीतल्या माणकात रेघा सरळ असतात बाबा. हे भट्टीतलं." हे असे माणिक १९०२ पासून बनतात, व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच केमिस्टने पद्धत काढली, पावडर ज्योतीतून वितळवत खाली थेंबाथेंबाने कांडी वाढवायची. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांत भरपूर सापडतात म्हणे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आई पन्नास वर्षं त्याला खरं समजून हळदीकुंकवाला घालून जात होती.

पण बाहेर येऊन गाडीला किक मारताना डोक्यात आलं, अरे, जो खडा दोन हजार डिग्रीच्या वर जन्मलाय त्याला आपले आठशे काय करणार! खाणीतला असता तर मी भाजायचं धाडस केलंच नसतं, आत काही अडकलेलं असेल तर तडकतो.

तरी तो एकच होता, दुसरा मिळणार नव्हता. साहेबांना विचारून आमच्या सँड लॅबची (साच्याची वाळू तपासतात ती) मफल फर्नेस, म्हणजे बंद पेटीसारखी छोटी भट्टी मिळवली, रविवारी, आधी खडा एकटाच अर्धा तास ६५० ला ठेवला. तो अर्धा तास मी लॅबमधले सगळे ब्रश लावून ठेवले. खडा होता तसाच निघाला. मग मातीचं कोंदण उंच बांधलं, कारण खडा ओव्हल ६ बाय ४ आणि खोलीला जवळजवळ तीन, एक मिलिमीटरच्या पोळीत तो मावणार कसा, पानावर दोन चकत्या पेस्टने चढवून साडेतीनपर्यंत जाडी आणली. पेन्सिलच्या मागच्या रबराने दाबत दाबत खाली नेला, रबराला खडा चिकटला की तिरका होतो म्हणून दर वेळी रबर पुसायचं. वर आलेली माती ओल्या ब्रशने मागे सारली आणि खड्याचं तोंड स्पिरिटने पुसलं, कारण त्यावर राहिलेली पावडर भाजल्यावर चांदी होऊन तिथेच बसते.

वाळायला दोन दिवस गेले, आषाढ, कोल्हापूरचा पाऊस, भिंतींना ओल, मातीला कुठली वाळायची घाई. वाळलंय का बघायला जरा कोमट करून आरशावर ठेवायचं, खाली वाफेचं वर्तुळ उठलं की अजून ओलं. ओल राहिली तर भाजताना फुगतं, ओल्या साच्यात धातू ओतल्यावर काय होतं ते ज्याने एकदा बघितलंय तो घाई करत नाही. फर्नेसची सेटिंग तीनदा तपासली, आमची वाळूची टेस्ट ९०० च्या वर चालते आणि चांदी ९६२ च्या आसपास वितळते, मधलं अंतर किती ते बघा. ८०० ला अर्धा तास ठेवलं, मग बंद करून दार न उघडता रात्रभर तसंच. पाण्यात टाकायचं नाही, खडा तडकतो.

बाहेर येतं ते चुन्यासारखं पांढरं. घाबरू नका, पितळी ब्रश आणि रिठ्याचं पाणी घेऊन घासायला बसलं की खालून चांदी निघते, मग स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटायचं.

वापरल्यावर कसं टिकतंय तर, आईच्या गळ्यात गणपतीपासून आहे, खडा हललेला नाही, नखाने दर आठवड्याला ढकलून बघतो. ९९९ असल्याने काळं पडायला ९२५ च्या (९२.५ टक्के) चांदीपेक्षा वेळ लागतो, पण मऊ, मागे चरे भरपूर आलेत. जूनमध्ये टॉर्चवर भाजलेलं बायकोचं एक पान ओट्यावरून फरशीवर पडलं आणि देठाला तुटलं, तुटलेला भाग बघितला तर दाणेदार, म्हणजे सिंटरिंग अर्धवट, मी टॉर्च लवकर बाजूला केला होता. फर्नेसवाली दोन आपटूनही धड आहेत. साखळीची कडी ज्या हुकात जाते तो एक मिलिमीटरचा केला होता, तो वाकला, आता दोनचा करतो.

घ्यायचं का? खड्याचं साधं पेंडंट हवं असेल तर सरळ सराफाकडे जा. काकांनी माझं काम हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "एवढं पिठलं ढवळण्यापेक्षा मला सांगायचंस, मजुरी कितीशी झाली असती." खरंय, चांदीच्या कामाचं गाव हुपरी, तिथला कारागीर हे तासाभरात करेल आणि माझ्यापेक्षा मजबूत करेल. मोडीत घालायला गेलात तर मातीचे पैसे परत येत नाहीत, फक्त चांदीचे येतात. पण पिंपळाच्या पानाची एकेक शीर चांदीत उतरलेली, झाळ न मारता, घरच्या टेबलावर, ते काकांनाही दोनदा भिंगातून बघावं लागलं.

आईला रेघांचं सांगितलेलं नाही. तिचं म्हणणं, खडा उजळला. जुन्या अंगठीत खाली डाक (चकाकी यावी म्हणून लावतात तो पातळ पत्रा) लावून मागून बंद होता, आता मागे भोक आहे, उजेड शिरतो, एवढंच.

पोरीला दिवाळीला कानातली हवीत, उरलेली माती मोजली तर पावणेचार ग्रॅम भरली. दोन्ही सारखी आकसायला हवीत म्हणून एकाच पोळीतून कापून एकाच वेळी भट्टीत घालायचा विचार आहे, या रविवारी फर्नेस मोकळी मिळाली तर.